शिकाऊ सिस्टर, तिच्या सोबतिणी आणि तुमचा टीपीआर चार्ट

मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात तुम्ही दाखल झालात, तर तुमच्या कॉटपाशी सर्वांत जास्त वेळा येणारी व्यक्ती डॉक्टर नसते. ती असते अठरा-वीस वर्षांची, कडक इस्त्रीचा गणवेश घातलेली मुलगी. हल्ली मुलगेही असतात. तुम्ही तिला 'सिस्टर' म्हणता, पण ती अजून सिस्टर झालेली नसते. ती नर्सिंगची विद्यार्थिनी असते आणि वॉर्डात तिचे पोस्टिंग असते. सोबत तिच्याच वर्गातल्या आणखी चार-पाच जणी असतात. त्यांतली एखादी मनापासून काम करते, एखादी औषधांच्या खोलीत जाऊन बसते, एखादी इन्चार्ज सिस्टर दिसल्या की लगेच चादर ओढायला लागते आणि एखादी सोबतिणीची चूक चारचौघांत मोठ्याने सांगते. कॉटवर पडलेल्या माणसाला दुसरे काम नसते, त्यामुळे त्याला हे सगळे दिसते. "डॉक्टर, या मुली अशा का हो वागतात?" हा प्रश्न मला अनेक रुग्णांनी विचारला आहे. मनापासून काम करणाऱ्या मुलीच्या आईनेही विचारला आहे, कारण तिची मुलगी रोज घरी येऊन रडत होती.

"आजकालच्या मुलांना जबाबदारीच नाही," हे उत्तर सोपे आहे. पण ते आजकालचे नाही. नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले तेव्हापासून ते दिले जात आहे. म्हणून आज आपण थोडे मागे जाऊन हा प्रश्न पाहू. तुमच्या तब्येतीशी याचा काय संबंध, अशी शंका तुम्हाला येईल, तर आधी तेवढे सांगतो.

कॉटच्या पायाशी किंवा केस पेपरमध्ये एक तक्ता असतो. त्याला आम्ही टीपीआर चार्ट म्हणतो: टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा वेग. डेंग्यूच्या रुग्णाचा ताप उतरला की घरचे सुस्कारा सोडतात, पण आमची काळजी नेमकी तेव्हा वाढते. ताप उतरताना नाडी जलद होऊ लागली, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. न्यूमोनियात रक्तदाब घसरण्याच्या कितीतरी आधी श्वासाचा वेग वाढतो. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो २८ झाला तर मी त्या रुग्णाकडे धावत जाईन. पण श्वास मोजायचा म्हणजे घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर एखाद्याच्या छातीकडे बघत उभे राहायचे, आणि तेही तीस-तीस रुग्णांसाठी. त्यामुळे जगभरच्या रुग्णालयांत न मोजता लिहिला जाणारा आकडा कोणता, तर हाच. चार्टवर वरपासून खालपर्यंत ओळीने २०, २०, २०, २० दिसले, की अनुभवी डॉक्टर स्वतःचे घड्याळ काढतो.

नव्वदच्या दशकात मी रेसिडेंट होतो. तिथल्या एका वॉर्डात दुपारी दोनचा ताप, नाडी आणि श्वास व्यवस्थित लिहिलेला एक रुग्ण मी पाहिला. तो दुपारी दोन वाजता वॉर्डात नव्हताच. त्याला एक्स-रेला नेले होते आणि मी स्वतः त्याच्या स्ट्रेचरबरोबर होतो. आकडे लिहिणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची होती. तिच्याबरोबर उभ्या असलेल्या मुलीला ते माहीत होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण ती बोलली नाही. न मोजता लिहिणाऱ्या मुलीपेक्षा ही दुसरी मुलगी मला जास्त लक्षात राहिली. तिने काय करायला हवे होते? सांगावे तर वर्षभर वसतिगृहात चहाडखोर म्हणून जगायचे, गप्प बसावे तर रुग्णाचे काय?

आता इतिहासाकडे वळू.

तापमान मोजणे हे मुळात नर्सचे कामच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थर्मामीटर जवळपास फूटभर लांब असायचा आणि तो वीसेक मिनिटे धरून ठेवावा लागायचा. जर्मनीत लाइपझिगला वुंडरलिख नावाच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांचे तापमान नियमितपणे नोंदवून १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर तयार केला. मग ताप दिवसातून अनेकदा मोजता येऊ लागला. आणि जे काम दिवसातून अनेकदा करायचे असते, ते डॉक्टरांच्या हातातून लवकरच सुटते! ते नर्सकडे आले, आणि नर्सकडून शिकाऊ नर्सकडे.

तोवर शिकाऊ नर्स ही नवी जमात तयार झालेली होती. क्रिमियन युद्धातल्या कामाबद्दल फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने इंग्लंडमध्ये सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. त्यांना 'प्रोबेशनर' म्हणत. राहायला खोली, जेवण, चहा, साखर, गणवेश आणि वर्षाला १० पौंड हातखर्चाला. मुदत एक वर्षाची. नाइटिंगेल स्वतः त्या काळात आजारी होत्या आणि बहुतेक वेळ घरातच असत. प्रत्यक्ष कारभार मेट्रन सेरा वॉर्डरोपर बघत.

नाइटिंगेल यांना जुन्या पद्धतीच्या नर्सेसचा चांगला अनुभव होता. १८५४ मध्ये युद्धावर त्यांच्याबरोबर गेलेल्या ३८ जणींत काही जोगिणी होत्या आणि काही रुग्णालयांत पगारावर काम करणाऱ्या. त्यांच्यात आपसांत भांडणे झाली, दारूपायी काहींना परत पाठवावे लागले. त्यामुळे नव्या विद्यालयात सर्वांत आधी काय तपासायचे, तर स्वभाव आणि वर्तन. प्रत्येक प्रोबेशनरच्या नावाने दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप अशी वर्तनाची खाती एका बाजूला. मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा, बिछाना करणे, असहाय्य रुग्णाला हलवणे आणि त्याला बेडसोर होऊ न देणे, ही कौशल्याची खाती दुसऱ्या बाजूला. शेरे पाच प्रकारचे: उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे आणि शून्य. रुग्णाचे निरीक्षण हेही एक मोठे खाते होते. त्यात नाडी, श्वास, झोप, भूक, त्वचा, जखमेची अवस्था, भ्रम असे सगळे होते. तापमान मात्र नव्हते, कारण तो छोटा थर्मामीटर अजून यायचा होता.

हा तक्ता मला नेहमीच दोन्ही बाजूंनी विचार करायला लावतो. एक तर त्या काळी डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांच्या वर्तनाची अशी दरमहा नोंद कोणी ठेवत नव्हते, आणि ती मुले काही संत नव्हती. दुसरे म्हणजे नर्सने खरे लिहावे, वेळेवर यावे, रुग्णाच्या उशाशी आरडाओरडा करू नये, या अपेक्षा अगदी रास्त होत्या. अडचण वेगळीच होती. वागण्याचा दोष पूर्णपणे त्या मुलीच्या अंगी आहे, असे गृहीत धरून तो तक्ता आखलेला होता. वॉर्डात तिला शिकवायला कोणी आहे का, ती किती तास उभी आहे, तिच्यावर किती रुग्ण सोपवले आहेत, यासाठी त्यात एकही रकाना नव्हता.

नियमही तसेच होते. बाहेर जायचे तर एकटीने नाही, दोघींनी मिळून. म्हणजे एकीवर दुसरीचा पहारा. पण नाक्यावर पोचल्या की दोघी आपापल्या वाटेने जायच्या, असे सांगतात, आणि त्यावर विश्वास ठेवायला मला काहीच जड जात नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक वसतिगृहात हेच चालत आलेले आहे. मुलांशी लाडीगोडी दिसली की थेट घरी पाठवणी. या पहाऱ्यातून विद्यार्थिनी एक गोष्ट नक्की शिकत होत्या: सोबतिणीबद्दल वर सांगायचे किंवा सोबतिणीसाठी वर खोटे बोलायचे. तिसरा मार्ग, म्हणजे चूक झाल्याबरोबर उघडपणे बोलून ती दुरुस्त करायचा, तो कोणी आखून दिलेला नव्हता.

त्यात वर्गभेद आला. साध्या घरच्या मुली हातखर्च घेऊन शिकत. पुढे 'लेडी' म्हणवणाऱ्या चांगल्या घरच्या मुली स्वतःचा खर्च भरून येऊ लागल्या. त्यांनी पुढे मेट्रन किंवा अधीक्षक व्हायचे, हे आधीच ठरलेले. एकाच वॉर्डात, एकाच प्रकारच्या टोपीखाली, एकीचे भविष्य फरशी पुसण्यात आणि दुसरीचे हुकूम देण्यात. तुमच्या कचेरीत असे झाले तर दुपारच्या डब्याच्या वेळी काय बोलणे चालेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

विद्यालय सुरू झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी नाइटिंगेल यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा त्यांना धक्का बसला. ज्या डॉक्टरांनी व्याख्याने द्यायची, ते देतच नव्हते. वॉर्डाच्या सिस्टर्सना शिकवायला वेळ नव्हता, आणि त्यांतल्या अनेक जणी स्वतः कुठे शिकलेल्या नव्हत्या. प्रोबेशनर बायका म्हणजे वॉर्डातले फुकटचे हात झाल्या होत्या. रुग्णांच्या नोंदींची रोजनिशी लिहायला सांगितली, तर अनेकींना धड लिहिताही येत नव्हते. मग १८७० च्या दशकात सुधारणा झाल्या. जॉन क्रॉफ्ट नावाचे डॉक्टर व्याख्यानांसाठी आले आणि विद्यार्थिनींच्या निवासासाठी 'होम सिस्टर' हे पद निर्माण झाले. ही बाई वॉर्डाच्या कामाला बांधलेली नव्हती, त्यामुळे मुलींना शिकवायला आणि त्यांचे ऐकून घ्यायला कोणीतरी मोकळे मिळाले. १८७२ पासून नाइटिंगेल विद्यार्थिनींना उद्देशून पत्रे लिहू लागल्या. त्यांतही एक धोका त्या परत परत सांगतात तो गर्वाचा: प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सगळे आले, असे समजण्याचा.

माझ्या मते नाइटिंगेल यांची ही बाजू फारशी सांगितली जात नाही. शाळेच्या पुस्तकात आपण फक्त दिवा हातात घेतलेली बाई पाहतो. स्वतः काढलेल्या विद्यालयाचे दोष दहा वर्षांनी पुन्हा उकरून काढणारी बाई मला त्याहून मोठी वाटते.

पण 'फुकटचे हात' हा रोग तेवढ्याने बरा झाला नाही, उलट पसरला. अमेरिकेत १८७३ मध्ये नर्सिंगची तीन विद्यालये सुरू झाली आणि १९०० पर्यंत त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. ज्ञानाची तहान एवढी वाढली होती, असे समजू नका. रुग्णालय चालवणाऱ्यांच्या लक्षात आले होते की, विद्यालय काढले की पगारी नर्सेस ठेवाव्या लागत नाहीत. विद्यार्थिनी वॉर्ड चालवायच्या, आणि तीन वर्षांनी शिकून तयार झाल्या की त्यांना निरोप द्यायचा व नव्या मुली घ्यायच्या. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हेच मांडले होते, की रुग्णालयाची गरज आणि मुलींचे शिक्षण यांची टक्कर झाली की दर वेळी शिक्षण हरते.

शिकवण्याची पद्धत बदलण्याचा एक चांगला प्रयत्न स्कॉटलंडमध्ये झाला. रेबेका स्ट्राँग या सेंट थॉमसमध्येच शिकलेल्या. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत मेट्रन असताना १८९३ मध्ये त्यांनी वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच मुलींना शरीररचना, शरीरक्रिया, स्वच्छता शिकवायला सुरुवात केली. आज ही गोष्ट साधी वाटते. पण कल्पना करा, त्याआधी मुलगी घरून यायची आणि पहिल्याच दिवशी मरणाऱ्या माणसासमोर उभी राहायची. घाबरलेली मुलगी काय करते? हसते, पळते, कोपऱ्यात गप्पा मारते, किंवा जे काम येते तेच पुन्हा पुन्हा करत राहते. बघणाऱ्याला ती कामचुकार दिसते.

या घाबरण्याचा अभ्यास पुढे एका बाईंनी केला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

इझाबेल मेन्झीस या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयाने त्यांच्या संस्थेला बोलावले. तक्रार अशी होती की, विद्यार्थिनींचे शिक्षण आणि वॉर्डातल्या ड्यूट्या यांचा मेळ बसत नव्हता, आणि एक दिवस सगळेच कोसळेल अशी वरिष्ठांना भीती होती. त्या रुग्णालयात सुमारे ७०० नर्सेस होत्या. त्यांतल्या पूर्ण शिकलेल्या जेमतेम १५०, बाकी विद्यार्थिनी. शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. त्यांना काढून टाकले नव्हते, बहुतेक जणी आपणहून जात होत्या. आणि त्यांत चांगल्या, समजूतदार मुली बऱ्याच होत्या.

मेन्झीस यांचा निबंध १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा सोप्या शब्दांत असा. आजारी, रडणाऱ्या, मरणाऱ्या माणसांच्या अंगाला दिवसभर हात लावणे हे मनाला फार जड असते. या जडपणाबद्दल कोणी बोलत नाही. मग रुग्णालय नकळत अशा रीती पाडते की, तो जडपणा जाणवूच नये. रुग्णाचे नाव घ्यायचे नाही, 'दहा नंबरचे लिव्हर' म्हणायचे. आपल्या वॉर्डात 'बारा नंबरला सलाइन लाव' असे तुम्ही ऐकले असेलच. एका नर्सने एका रुग्णाचे सगळे करायचे नाही, तीस रुग्णांचे एकेकच काम करायचे, म्हणजे एकीने सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीने सगळ्यांचे बेडपॅन द्यायचे. असे केले की कोणाशी जीव जडत नाही. पण मग कोणाचा ताप वाढतोय, हे एखाद्या माणसाविषयी कळत नाही, नुसता आकडा कळतो. आकडा न मोजता लिहायला मन धजावते, त्याची मुळे इथे आहेत.

आणि सोबतिणींबद्दल त्यांनी जे टिपले आहे ते वाचताना मी चकित झालो होतो. त्यांना प्रत्येक पातळीवर हीच तक्रार ऐकू आली की, 'या मुली बेजबाबदार आहेत, सतत मागे लागावे लागते.' पण ही तक्रार एखाद्या ठरावीक मुलीबद्दल किंवा ठरावीक घटनेबद्दल क्वचितच असे. ती एका गटाबद्दल असे, आणि तो गट बहुतेक वेळा बोलणारीपेक्षा एक पायरी खालचा असे. तिसऱ्या वर्षाची पहिल्या वर्षाबद्दल, स्टाफ नर्स तिसऱ्या वर्षाबद्दल, सिस्टर स्टाफ नर्सबद्दल. खालून वर बघितले तर उलटे चित्र: वरच्या सगळ्या कठोर आणि तोडून बोलणाऱ्या. मेन्झीस यांचे म्हणणे असे की, प्रत्येकीच्या मनात एक कंटाळलेली, पळून जावेसे वाटणारी मुलगी असते आणि एक तिला दटावणारी बाई असते. पहिलीला खालच्यांवर लादायचे आणि दुसरीला वरच्यांवर, म्हणजे आपण दोन्हींतून मोकळ्या. गंमत म्हणजे मग खालच्या खरेच बेजबाबदार वागायला लागतात, कारण त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नसते, आणि जबाबदारीचे कामही त्यांना दिले जात नाही.

मनोविश्लेषकांचे सगळे सिद्धांत मला पटतात असे नाही. मी फिजिशियन आहे, मनाच्या तळघरात उतरण्याआधी हिमोग्लोबिन बघतो. चौदा तास उपाशी उभी राहिलेली मुलगी चिडचिड करते, याला एवढ्या खोल कारणाची गरज नसते. पण निरीक्षण म्हणून हे पक्के आहे, आणि डॉक्टरांच्या वसतिगृहातही ते तंतोतंत लागू पडते. रेसिडेंट इंटर्नला आळशी म्हणतो, लेक्चरर रेसिडेंटला.

आपल्याकडे हा पेशा आला तो आणखी एक ओझे घेऊन. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे 'चांगल्या घरच्या' बाईने करू नये, असा समज घट्ट होता. मुंबईत १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आल्या, ही भारतीय परिचारिकांच्या इतिहासातली सुरुवातीची नोंद. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना, त्यांत विधवा बायकांनाही, नर्सिंगकडे वळवले आणि ससून रुग्णालयात शिकायला पाठवले. ज्या मुलीला घरचेही नावे ठेवतात, तिच्यासाठी वॉर्डातल्या सोबतिणी हेच घर. ती सोबत चांगली निघाली तर आयुष्याची, वाईट निघाली तर जायला दुसरी जागा नाही.

संख्या किती अपुरी होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. (समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले.) नर्सेसच्या राहण्याची, कामाच्या तासांची दुरवस्था समितीने स्पष्ट शब्दांत मांडली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर एकसारख्या शिक्षणाचा पाया घातला गेला. पण जिथे मुळात नर्सच नाही, तिथे शिकाऊ मुलगी हीच नर्स. नाइटची ड्यूटी, पन्नास रुग्ण, एक स्टाफ सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी, हे चित्र माझ्या पिढीच्या डॉक्टरांना परके नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेत सुझन रॉबर्ट्स यांनी वेगळा मुद्दा मांडला. जो गट वरून दाबला जातो, तो वर हात उगारू शकत नाही, म्हणून शेजारच्यावर उगारतो. नर्सेस एकमेकींना टोमणे मारतात, नव्या मुलीला एकटे पाडतात, मुद्दाम माहिती देत नाहीत, त्याचे मूळ तिथे आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी ज्युडिथ माइसनर यांनी एक लेख लिहून विचारले की, आम्ही आमचीच पिल्ले खातो आहोत का? तो शब्दप्रयोग एवढा बोचला की, आजही जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत वापरला जातो. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ मध्ये आला. पण रॅगिंग म्हणून ज्याची तक्रार करता येते ते वसतिगृहात घडते. 'तू थांब, तुला जमत नाही' असे रुग्णासमोर म्हणून हातातली सिरिंज काढून घेणे, याची तक्रार कोणत्या फॉर्मवर लिहायची?

आता त्या वॉर्डातल्या दुसऱ्या मुलीचा, म्हणजे बघून गप्प राहिलेलीचा विचार करा. चूक सांगितली तर शिक्षा चूक करणारीला होते, आणि सांगणारीला त्याहून मोठी. शिवाय उद्या तीच चूक तिच्या हातून होणार आहे, कारण तिच्यावरही तीस चार्ट आहेत. अशा ठिकाणी गप्प बसणे ही तिची वाईट सवय नसते, ती तिने वॉर्डात केलेली शिकवणीच असते. याची किंमत कॉटवर झोपलेला माणूस मोजतो: न फिरवलेल्या आजोबांच्या माकडहाडावर आलेला बेडसोर, दोनदा दिले गेलेले इंजेक्शन, रात्री तीनला ३० झालेला पण २० लिहिलेला श्वास.

विद्यार्थ्यांना कामगार म्हणून मोजणे थांबवले तर काय होते, हे ब्रिटनने करून पाहिले. १९८६ मध्ये 'प्रोजेक्ट २०००' नावाची योजना मांडली गेली आणि १९८९ पासून ती अमलात येऊ लागली. विद्यार्थी वॉर्डात असतील, पण ड्यूटीच्या संख्येत धरले जाणार नाहीत. नाइटिंगेल यांच्या विद्यालयानंतर जवळपास १३० वर्षांनी हे घडले. मग तक्रारी संपल्या का? नाही. त्या बदलल्या. आता ऐकू येऊ लागले की, ही मुले नुसती वही घेऊन उभी राहतात, अंग पुसायला नको म्हणतात, शिकून बाहेर पडतात तेव्हा हात चालत नाही. यातही तथ्य होते. नुसते मोकळे ठेवून भागत नाही, बाजूला उभे राहून हात धरून शिकवणारे माणूस लागते. तसे माणूस नसले की, पूर्वीची मुलगी राबत होती आणि आताची रेंगाळते. आपल्याकडे काही ठिकाणी अजून पहिला प्रकार आहे, काही ठिकाणी दुसरा, आणि एकाच वॉर्डात सकाळी दुसरा व रात्री पहिला असेही मी पाहिले आहे. सकाळी बारा विद्यार्थिनी एका कॉटभोवती, रात्री तीस कॉटना एक.

तुम्ही रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून काही करू शकता का? थोडेफार नक्की करू शकता. ताप घेतला की विचारा, "ताई, किती आला?" विचारणारा रुग्ण असला की आकडा मोजला जातो. नाडी आणि श्वास मोजताना बोलू नका, तिला मिनिटभर घड्याळ बघू द्या, आणि ती मोजत असताना "झाले का?" म्हणू नका. इंजेक्शनआधी तुमचे नाव विचारले तर चिडू नका, ती योग्य तेच करते आहे. विद्यार्थिनीकडून एखादे काम करून घ्यायचे नसेल तर तसे सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. मात्र "मला शिकलेली सिस्टर पाहिजे" असे चारचौघांत म्हणण्यापेक्षा "सिस्टरना सोबत बोलवाल का?" असे म्हटले तर काम होते आणि ती मुलगीही शिकते.

न मोजता आकडा लिहिलेला तुम्हाला दिसला, तर वेळ आणि कॉट नंबर लक्षात ठेवून इन्चार्ज सिस्टरना किंवा राउंडला आम्हाला शांतपणे सांगा. "दुपारी दोनला कोणी ताप घेतला नाही," एवढेच वाक्य पुरे. त्या मुलीचे नाव सांगायची गरज नाही. तिच्या शेजारी उभी असलेली सोबतीण हे वाक्य बोलू शकत नाही. तुम्ही बोलू शकता, तुम्हाला वसतिगृहात परत जायचे नसते.